कानबाईचा शनिवार

लताबाईंच्या डाव्या हाताला, कोपराच्या जरा खाली कान लावला, तर मोटार चालू असल्यासारखी घरघर ऐकू येते. डॉक्टरांनी तिथल्या दोन शिरा एकमेकींना जोडून दिल्या आहेत, मशीनला रक्त जोरात मिळावं म्हणून. असोद्यातल्या बायका भेटायला आल्या की आधी तब्येत विचारतात, चहा पितात आणि मग हळूच म्हणतात, "ऐकू द्या ना." लताबाई हात पुढे करतात. रोज सकाळी उठल्यावर त्या स्वतःही तो हात कानाशी नेतात. घरघर ऐकू आली की मग देवापुढे दिवा लावतात. देवाचा राग नसावा. एवढं आधी बघितल्याशिवाय हात जोडण्यात मन लागत नाही, असं त्या म्हणतात.

मोटारीशी त्यांची ओळख जुनी. भादली रस्त्याला त्यांचं केळीचं शेत आहे आणि त्यातलं ठिबक लताबाईंच्या हातात होतं. नवरा, गिरधरभाऊ, बाकी सगळं करायचे. खत, मजूर, व्यापाऱ्याशी घासाघीस, सगळं. पण पाणी लताबाईंचं. ठिबकच्या मुख्य पाइपात हवा अडकली की पाणी पुढं सरकत नाही, पाइप गुरगुरतो आणि टोकाची झाडं तहानलेली राहतात. त्यावर इलाज एकच. उंचवट्यावरच्या कॉकची टोपी सैल करायची. आधी फुस्स करून हवा निघते, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सरळ धार. धार लागली की टोपी आवळायची. गिरधरभाऊंना हे कधी जमलं नाही. ते घाई करायचे आणि ओलेचिंब होऊन घरी यायचे. लताबाई हसायच्या, "पाइपानं आंघोळ घातली वाटते आज."

मग पाय सुजायला लागले. चालण्यानं सुजले असतील असं सगळे धरून चालले. ब्लडप्रेशर कधी मोजलंच नव्हतं. जळगावला नेलं तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या होत्या.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार जळगावच्या दवाखान्यात डायलिसिसची सकाळची पहिली शिफ्ट. जाऊन येऊन अर्धा दिवस आणि उरलेला अर्धा दिवस अंथरुणात. म्हणजे आठवड्याला तीन खुंट्या ठोकलेल्या आणि दावं आखूड. बऱ्हाणपूरला भाचीचं लग्न झालं, लताबाई गेल्या नाहीत. घरची सगळी पद्मालयाच्या गणपतीला गेली, तो नेमका गुरुवार होता. पाणी मोजून प्यायचं. घरच्या केळीचे घड ओट्यावर उतरवलेले असत, आणि मालकिणीला एक केळं खायची चोरी. लोक म्हणत, "चालत्या-फिरत्या आहात ना, बस झालं." लताबाई मान हलवत. चालत्या-फिरत्या होत्या हे खरं, पण दावं जिथपर्यंत पुरतं तिथपर्यंतच.

खुर्चीत बसलं की डाव्या हाताला दोन जाड सुया. हात हलवायचा नाही. एकदा डुलकी लागली आणि कोपर वाकलं, सुई शिरेबाहेर सरकली आणि हात आठवडाभर काळानिळा होता. दवाखान्याची उशी घसरायची. म्हणून गिरधरभाऊंनी एक युक्ती केली. जाडसर पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली, आत जुन्या गोधडीचा तुकडा शिवला, मनगटाजवळ एक पट्टा लावला. केळीच्या घडाला टेकू देतात तसा हा हाताला टेकू. दवाखान्यात सगळ्यांना आवडला. शेजारच्या खुर्चीवर एरंडोलचे भिकन आबा असतात, वयानं मोठे, जिभेनं त्याहून. ते म्हणाले, "गिरधरभाऊ, मले बी एक करी द्या. पण पट्टा नको. मना हातले पळाले जागा ऱ्हाऊ द्या."

लताबाईंचा हात काही पळाला नसता. पण पट्टा बसला की उजव्या हातानं नाकावरची माशीसुद्धा जपून हाकलावी लागे.

मशीनवर पुनम असते. पारोळ्याची पोरगी, शिकलेली, कामात चपळ. पहिल्या आठवड्यात लताबाई घाबरून डोळे मिटून घ्यायच्या, तेव्हा तिनंच त्यांना मशीन दाखवलं. रक्त नळीतून बाहेर येतं, गाळणीतून गाळलं जातं आणि परत अंगात जायच्या आधी एका उभ्या, पारदर्शक भांड्यातून जातं. भांडं बोटभर जाडीचं.

"हे कशाले?" लताबाईंनी विचारलं.

"हवा काढायला, काकू. नळी बारीक आहे, भांडं तिच्यापेक्षा रुंद. रुंद जागेत रक्ताची चाल मंदावते. मंदावली की बुडबुडे वर येतात, रक्त खालच्या जाळीतून निघून जातं. त्याच्या खाली हा डोळा आहे. त्याला बुडबुडा दिसला की नळीला चिमटा बसतो, पंप थांबतो आणि मशीन ओरडतं."

"अन् बुडबुडा गेलाच अंगात तर?"

"जाऊ देत नाही म्हणून तर ओरडतं."

लताबाईंनी भांड्याकडे बराच वेळ पाहिलं. वर थोडी मोकळी जागा, खाली लालभडक रक्त, बाजूला वर गेलेली छोटीशी नळी, तिला चाप आणि टोकाला टोपी. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे एअर व्हॉल्व्ह हाये हा. आमच्या ठिबकवर असते तसा."

पुनम हसली. "हो, तसंच समजा."

यात पुनमचं काय चुकलं? कोणाला काही समजावताना आपण सगळेच असं म्हणतो. लताबाईंची भीती त्या दिवशी गेली, हेही तितकंच खरं.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबलं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. लताबाईंच्या सासरच्या कानबाईचा नारळ पिढ्यानपिढ्यांचा. तो नदीत सोडत नाहीत. दर वर्षी त्यालाच डोळे, नथ, मणी घालून चौरंगावर बसवायचं. नारळ थोरल्या घरी असतो. थोरले दीर एसटीत होते, धुळ्याला स्थायिक झाले, म्हणून कानबाईही धुळ्याला. दीर गेले, पण जाऊबाई द्रौपदाबाईंनी देवीचं काही कमी पडू दिलं नाही. त्या रविवारी सगळी भाऊबंदकी धुळ्याला गोळा होते, देवीच्या नैवेद्याचे रोट खाते आणि सोमवारी देवीला पांझरा नदीवर पोचवून आपापल्या गावी जाते.

आषाढात द्रौपदाबाईंचा फोन आला. "लता, माझ्यानं होत नही आता. गुडघे शेतस पण चालत नही." धुळ्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यात असोदा आणि धुळं दोन्ही नांदतात. "यंदा नारय कोणाच्या घरी द्यायचा ते ठरवून टाकू. हक्क तुझा हाये. नही तर मंदा हायेच नाशिकले, ती तयार हाये."

मंदाबाई म्हणजे धाकटी जाऊ. नाशिकला मोठा फ्लॅट, धडधाकट अंग, मन चांगलं.

"मी घेते," लताबाई म्हणाल्या.

"रीत माहीत हाये ना? घेणारीनं शनिवारी दिवेलागणीच्या आत इथं येऊन आपल्या हातानं रोटाचे गहू पाखडायचे. दिवा लागला की गहू दळाले जाता. मग कोणासाठी थांबता येत नही."

"माहीत हाये, अक्का."

फोन ठेवल्यावर गिरधरभाऊ बोलले. ते रागावत नाहीत, पण बोलायचं ते बोलतात. "काहून अंगावर घेती हे? शनिवारी मशीन असते तुझं. अन् वर्षभराचं सोवळंओवळं, पाव्हणेरावळे, रोट. तुले उभं राहवते का घडीभर?"

लताबाई पोथी बाजूला ठेवत म्हणाल्या, "मी कोठी जाऊ शकत नही. मग तीच येऊ दे ना माह्या घरी. तिच्या मागं सगळे येतीन."

दुसऱ्या दिवशी जळगावहून येताना गिरधरभाऊ एक नवा चौरंग घेऊन आले.

ठरलं असं की शनिवारची पहिली शिफ्ट आटोपायची, दवाखान्यातूनच स्टँडवर जायचं आणि दुपारची धुळे गाडी धरायची. दिवेलागणीच्या आत आरामात पोचता येत होतं. लताबाईंनी हिरवं पातळ पिशवीत घातलं आणि घरचं सूप धुऊन, पुसून, धोतराच्या फडक्यात बांधून सोबत घेतलं. द्रौपदाबाईंकडे सूप नव्हतं असं नाही. पण आपल्या हाताला आपलं सूप बरं.

भिकन आबांनी ते खुर्चीखाली ठेवताना पाहिलं. "काय वं माय, किडनी पाखडाले सूप आणं का?"

"हो. तुमचीही आणा, दोन्ही संगतीनं पाखडू."

"मनी उडी जाई. फोलपटच उरेल शे."

खोलीतले सगळे हसले. पुनमसुद्धा सुया लावता लावता हसली. पण त्या दिवशी सुरुवातच उशिरा झाली होती. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी बदलत होते, तोवर सगळे रिकामे बसून. लताबाईंचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. घड्याळ डाव्या बाजूला, जरा मागं. ते बघायचं तर मान आणि खांदा वळवावा लागे, आणि खांदा वळला की पन्हळीतला हातही किंचित ओढला जाई.

त्या ओढाताणीत सुई जराशी हलली असावी. अर्धा वेळ उलटल्यावर नळीत बारीक बुडबुडे दिसायला लागले. मशीन ओरडलं, पंप थांबला. पुनम आली, सुईवरची पट्टी नीट बसवली, छोट्या नळीला सिरिंज लावली, चाप सोडून हवा ओढून घेतली, भांड्यातलं रक्त खुणेपर्यंत आणलं, चाप लावला, बटण दाबलं. मशीन चालू.

"काकू, घड्याळाकडे बघू नका. ते त्याच्या चालीनंच चालणार."

"गाडी हाये माझी."

"माहीत आहे. गाड्या पुष्कळ आहेत धुळ्याच्या."

थोड्या वेळानं पुन्हा ओरडलं. पुन्हा पुनम, पुन्हा सिरिंज. थांबलेला वेळ शेवटी जोडला जातो, हे लताबाईंना माहीत होतं. प्रत्येक ओरडण्याबरोबर गाडी एक-एक गाव पुढं निघून चाललीय असं त्यांना वाटत होतं. मुकटी, फागणे, धुळं. तिकडे अक्का ओसरीवर गव्हाची पाटी मांडून बसली असेल. मंदा आली असेल. आणि आपण इथे, एका हाताला पट्टा, पायावर चादर.

मशीन तिसऱ्यांदा ओरडलं तेव्हा पुनम खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. ती वळली, निघाली, आणि तेवढ्यात भिकन आबांची मान एका बाजूला कलली. अंगाला घाम, ओठ पांढरे. त्यांचं प्रेशर उतरलं होतं. पुनम त्यांच्याकडे धावली. खुर्ची मागं पाडली, पाय उंच केले, सलाइन सोडलं. "आबा, डोळे उघडा. आबा, ऐकताय ना?" लताबाईंकडे पाठ करूनच ती म्हणाली, "आलेच, काकू."

आबांचं नाव घेऊन लताबाईंनी मनात कानबाईला हात जोडले. हेही खरं. पण मशीन कानाशी ओरडतच होतं. समोर भांडं. आत फेस आणि रक्त खुणेच्या खाली. उजवा हात मोकळा होता आणि त्या हाताला हवा काढायची सवय होती. मेंदूनं काही विचारायच्या आधी हात पोचला, असं त्या नंतर म्हणाल्या.

त्यांनी छोट्या नळीची टोपी फिरवून काढली. चाप सोडला. फुस्स झालं. फेस बसला, रक्त खुणेपर्यंत चढलं, अगदी पुनम आणते तसं. लताबाईंना बरं वाटलं. पण ओरडणं थांबेना. मग पुनम दाबते ते बटण त्यांनी दाबलं. पंप फिरला.

आता टोपी लावायची होती. टोपी बोटांतून निसटली आणि चादरीच्या घडीत गेली. शोधायला दुसरा हात हवा होता, तो पन्हळीत, पट्ट्यात, दोन सुयांखाली. छोट्या नळीतून आधी थुंकल्यासारखं आलं आणि मग सरळ धार लागली. पाण्याची नव्हती ती. छातीवर, चादरीवर, फरशीवर, सगळीकडे गरम.

"पुनम," त्या म्हणाल्या. आवाज मोठा निघालाच नाही.

भिकन आबांनी डोळे उघडले होते. त्यांनीच पाहिलं. "पोरी, तिकडे देख."

पुनमनं दोन ढांगांत येऊन पंप बंद केला, चाप लावले. डॉक्टर आले. तरणे, भले, पण त्या वेळी त्यांचाही चेहरा उतरला. त्यांनी नळ्यांकडे पाहिलं, मशीनकडे जाणाऱ्या बारीक नळीत चढलेलं रक्त पाहिलं आणि मान हलवली. "हे परत देता येणार नाही. सगळं काढा."

"काहून?" लताबाईंनी विचारलं. "माझंच तर हाये."

"उघडं पडलं, काकू. आत हवा गेलीय, बाहेरचं काय काय गेलं असेल. अंगात नाही देता येत."

गाळणी, नळ्या आणि त्यांच्यातलं रक्त लाल पिशवीत गेलं. महिनोन्महिने इंजेक्शनं घेऊन कसंबसं जमवलेलं रक्त. लताबाई पिशवी दारातून बाहेर जाईपर्यंत बघत राहिल्या.

डॉक्टर पुनमला म्हणाले, "तू कुठे होतीस?"

"तिले बोलू नका," लताबाई म्हणाल्या. "ती आबांपाशी होती. मी उघडलं."

"का पण?"

"आमच्या शेतात असंच काढता हवा."

पुनमनं अंग पुसून दिलं, कपडे बदलून दिले, सुया काढल्या, सगळं हलक्या हातानं, पण तोंडातून शब्द नाही. लताबाईंना डॉक्टरांचं प्रश्न विचारणं लागलं नव्हतं. हे गप्प राहणं लागलं.

प्रेशर खाली गेलं होतं. रक्ताची एक पिशवी चढवायची, ती रक्तपेढीतून यायची, मग नव्या नळ्या लावून राहिलेलं डायलिसिस थोडं पुरं करायचं. संध्याकाळपर्यंत हलता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि गंमत बघा, पुनमची वाट पाहिली असती, तर उशिरानं का होईना, दुपारनंतरची गाडी मिळाली असती. लताबाईंनीही हा हिशोब केला. खाटेवर पडून माणूस दुसरं काय करणार?

पुनम शेवटी बोलली, ती रक्ताची पिशवी लावताना. "काकू, मी 'तसंच समजा' म्हटलं होतं, ते डोक्यातून काढून टाका. शेतात टोपी उघडली की हवा जाते. इथं टोपी उघडी राहिली की पंप चालू असेल तर रक्त बाहेर येतं, थांबला की हवा आत जाते. मी सिरिंज लावून ओढते, उघडं नाही ठेवत कधी."

"दिसलं मले ते रोज. पण ध्यानात नही आलं."

"माझी नोकरी गेली असती."

"हो," लताबाई म्हणाल्या. "माझ्या मनात त्या वक्ती तू नव्हती. खोटं नही सांगत."

पुनमनं पिशवीचा थेंब पडतोय का ते पाहिलं आणि मग त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. बाहेर थांबलेल्या गिरधरभाऊंनी आत येऊन धुळ्याला फोन लावला आणि लताबाईंच्या कानाशी धरला. तिकडे पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज.

"कोठपर्यंत आली?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"दवाखान्यातच हाये, अक्का."

लताबाईंनी झालेलं सगळं सांगितलं. "मी थांबली असती गं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "पण दिवस बुडणं माझ्या हातात शे का?"

लताबाईंना एकदा वाटलं, म्हणावं, माझ्या नावानं दुसऱ्या कोणी पाखडा. भाऊबंदकीतली एखादी सून आहे, पुतणी आहे. पण रीत ती रीत. देवीशी पळवाटा काढायच्या नसतात.

"बसू दे मंदाले," त्या म्हणाल्या. "अन् दिवा लावा."

फोन बंद झाल्यावर गिरधरभाऊ बाकावर बसले. खुर्चीखालचं सूप त्यांनी केव्हा तरी उचलून आणलं होतं. ते मांडीवर घेऊन बसले होते, फडकं न सोडता.

रात्रभर दवाखान्यातच ठेवून घेतलं, रविवारी सकाळी सुट्टी मिळाली. रिक्षात बसल्यावर गिरधरभाऊंनी विचारलं, "घरी जायाचं ना?"

"धुळ्याले."

"लता."

"मंगळवारपर्यंत मोकळी हाये मी. मग काहून घरी बसू?"

दुपारी पोचल्या. दारात तोरण, आत चौरंगावर कानबाई. नारळाला चांदीचे डोळे, नाकात नथ, अंगावर हिरवं वस्त्र. लताबाईंनी डोकं टेकवलं. मागावं असं काही सुचलं नाही, म्हणून नुसतंच टेकवून ठेवलं. मंदाबाई पदर खोचून पुरण वाटत होती. हात तसेच घेऊन आली आणि पाया पडली. "ताई, मी मागितलं नव्हतं हं. अक्कांनी बसवलं म्हणून बसले."

"मीच सांगितलं. बरं केलं."

रोटाचा एक घास, चण्याच्या डाळीचे चार दाणे आणि गंगाफळाची भाजी नुसती जिभेला लावून लताबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. द्रौपदाबाई गुडघे धरत आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. बाहेर बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या.

"रडली का?"

"नही."

"मग ऐक. तुले वाईट वाटलं हे मले समजते. पण माझंही ऐक. लग्न होऊन आली तवापासून श्रावणात धुळ्याबाहेर पाय ठेवला नही मी. माझा भाऊ गेला, तो ह्याच आठवड्यात. देवी बसलेली, रोट घरात. कशी निघू? शेवटचं तोंड नही पाह्यलं त्याचं. लोक म्हणता, भाग्याची हाये द्रौपदा. हायेच. मी काय नही म्हणत? पण बांधलेलं भाग्य शे ते." त्यांनी लताबाईंच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "तुले एवढं बंधन कमी पडलं का, म्हणून अजून एक मागत होती?"

लताबाईंनी पट्टीचा हात जरा वर उचलला.

"ते मी मागितलं होतं, अक्का," त्या म्हणाल्या. "हे कोठी मागितलं?"

द्रौपदाबाई तिथेच बसून राहिल्या, बाहेरून कोणी दोनदा हाक मारली तरी उठल्या नाहीत.

सोमवारी सकाळी देवी पांझरेला निघाली. चौरंग बायका आळीपाळीनं डोक्यावर घेतात. लताबाईंची पाळी आली तेव्हा चार जणी एकदम म्हणाल्या, राहू द्या, हाताला जड देऊ नका. लताबाई कोणाचं ऐकेनात. मग मंदाबाईनं डावी बाजू धरली आणि लताबाईंनी उजव्या हातानं आपली बाजू. पिंपळापासून वळणापर्यंत, तेवढंच. फुगड्या, हलगी, गुलाल. वळणावर दम लागला, तेव्हा त्यांनी दुसरीला जागा दिली आणि एका दुकानाच्या पायरीवर बसून मिरवणूक पुढं जाताना पाहिली.

दुपारी धुळ्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी आधी लागली. मंदाबाई खिडकीत, मांडीवर फडक्यात बांधलेला नारळ.

"ताई, पुढच्या वर्षी नाशिकला या. या हं नक्की."

"शनिवार असतो ना माझा."

"तर आदल्या दिवशी करून..."

गाडी मागं सरकायला लागली आणि वाक्य तिथेच राहिलं. लताबाईंनी खिडकीच्या दिशेनं हात जोडले. कोणाला, ते मंदाबाईला कळलं असावं. तिनं नारळ जरा वर उचलून धरला.

जळगावची गाडी अर्ध्या तासानं आली. पारोळ्याला थांबली तेव्हा गिरधरभाऊंनी खिडकीतून चहा घेतला. एकच कप. लताबाईंनी दोन घोट घेतले आणि परत केला. आजच्या पाण्यात ते धरले तर रात्रीसाठी एक घोट उरत होता.

गिरधरभाऊंनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "नाशिकलेही हे मशीन असतीनच की. शनिवारी तिकडेच लावून घेतलं तर? पुनमले विचारू उद्या."

लताबाई वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या. आषाढात हाच माणूस नको म्हणत होता.

"तुमीच विचारा," त्या म्हणाल्या. "मी नवीन मशीनचं नाव काढलं तर ती आधी माझा उजवाही हात बांधीन."

गिरधरभाऊंना हसू आलं, पण चहा तोंडात होता. कंडक्टरनं घंटी मारली, रिकामा कप खिडकीतून परत गेला आणि गाडी एरंडोलच्या रस्त्याला लागली.